घरबांधणीतील मंदी आणि स्वयंपाकघरातील कपाटांचा उद्योग : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (२००५ ते २०१३)

प्रस्तावना

एखाद्या देशात घरे बांधण्याचे काम थंडावले की त्याचा फटका केवळ बिल्डर, गवंडी आणि कर्ज देणाऱ्या बँका यांनाच बसतो असे नाही. घर पूर्णत्वाला नेणारे जे असंख्य लहानमोठे उद्योग असतात, त्यांचे भवितव्यही त्या मंदीशी बांधलेले असते. स्वयंपाकघरातील कपाटे बनविणारा उद्योग हा त्यांपैकीच एक होय. आपल्याकडे 'मॉड्युलर किचन' या नावाने परिचित असलेली कपाटांची व्यवस्था अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ प्रत्येक घराचा अविभाज्य भाग बनली. तेथे ही कपाटे घरातील सुटे सामान मानली जात नाहीत. ती भिंतीला पक्की बसविली जातात आणि घर विकले की घराबरोबरच नव्या मालकाकडे जातात. त्यामुळे या उद्योगाची बाजारपेठ आणि घरांची बाजारपेठ यांचे नाते अत्यंत निकटचे आहे.

२००६ नंतर अमेरिकेत घरबांधणीची जी मंदी आली, तिने या नात्याची कठोर परीक्षा घेतली. उद्योगाचे भवितव्य वर्तविण्यासाठी तोपर्यंत जे आडाखे वापरले जात होते, ते या काळात एकापाठोपाठ एक कोसळले. हे आडाखे कोणते होते, ते कोणत्या अनुभवातून तयार झाले होते आणि ते का फसले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्योगाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकी स्वयंपाकघरात सुटी कपाटे आणि मेजे असत. इंडियाना राज्यातील न्यू कॅसल येथील हूजियर कंपनीचे पीठ, मसाले आणि भांडी एकाच ठिकाणी ठेवण्याची सोय असलेले उभे कपाट त्या काळात इतके लोकप्रिय झाले, की त्या प्रकारच्या सर्वच कपाटांना 'हूजियर' हे नाव पडले. भिंतीला जोडलेल्या कपाटांची पद्धत त्यानंतर रूढ झाली. महायुद्धानंतरच्या काही वर्षांत पोलादी पत्र्याच्या कपाटांचा बोलबाला होता. परंतु लाकूड, प्लायवुड आणि पार्टिकल बोर्ड यांपासून कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कपाटे तयार होऊ लागली, तशी पोलादी कपाटे मागे पडली. ऑर्व्हिल मेरिलॅट यांनी १९४६ मध्ये मिशिगन राज्यातील एड्रियन येथे सुरू केलेला व्यवसाय पुढे या क्षेत्रातील अग्रगण्य उद्योग बनला. १९५५ मध्ये कपाट उत्पादकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने कपाटांच्या टिकाऊपणाचे मानक ठरविण्याचे काम हाती घेतले.

कालांतराने या उद्योगात तीन श्रेणी स्पष्ट झाल्या. ठरावीक मापांची तयार कपाटे ही पहिली. ठरावीक सांगाड्यात ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे दारे, रंग आणि खण बदलून दिली जाणारी मध्यम श्रेणी ही दुसरी. सर्वस्वी मागणीनुसार घडविलेली महागडी कपाटे ही तिसरी. पहिल्या दोन श्रेणींत मोठ्या कंपन्यांचे वर्चस्व होते. मॅस्को या समूहाने १९८५ मध्ये मेरिलॅट आणि १९९० मध्ये क्राफ्टमेड या कंपन्या आपल्याकडे घेतल्या. इंडियानातील जॅस्पर येथील मास्टरब्रँड ही फॉर्च्यून ब्रँड्स या समूहाची कंपनी होती. व्हर्जिनियातील विंचेस्टर येथील अमेरिकन वुडमार्क ही तिसरी मोठी कंपनी. १९८० मध्ये बॉइस कॅस्केड या लाकूड कंपनीचा कपाट विभाग त्याच्या अधिकाऱ्यांनीच विकत घेतला, त्यातून ती जन्माला आली. ती १९८६ पासून भागबाजारात नोंदलेली असल्यामुळे तिचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होत आले आहेत. म्हणूनच या उद्योगाच्या अभ्यासासाठी तिचे आकडे विशेष उपयोगी पडतात.

या कंपन्यांचा माल प्रामुख्याने दोन वाटांनी घरात पोहोचत असे. एक वाट नव्या वसाहती उभारणाऱ्या बिल्डरांची होती. दुसरी वाट होम डेपो आणि लोव्ज यांसारख्या गृहसामग्रीच्या प्रचंड दुकानांची होती. तेथून जुन्या घराचे नूतनीकरण करणारा ग्राहक कपाटे निवडत असे. नवे घर आणि जुन्या घराचे नूतनीकरण या दोन स्वतंत्र बाजारपेठा आहेत, अशी धारणा याच रचनेतून निर्माण झाली.

पूर्वीच्या मंदींनी दिलेला धडा

२००६ पूर्वी या उद्योगाने अनेक मंदी पाहिल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेत २३.५७ लाख घरांचे बांधकाम सुरू झाले होते. १९७५ मध्ये ही संख्या ११.६० लाखांवर आली. १९७८ मध्ये ती पुन्हा २० लाखांच्या वर गेली. पुढे महागाई रोखण्यासाठी व्याजदर चढविण्यात आले आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या पलीकडे गेला. १९८२ मध्ये केवळ १०.६२ लाख घरे सुरू झाली. मात्र व्याजदर उतरताच १९८३ मध्ये हीच संख्या १७.०३ लाख झाली. १९९१ च्या मंदीतही १०.१४ लाखांचा तळ गाठून बाजार पुन्हा वर आला.

या तीन अनुभवांतून दोन निष्कर्ष निघत होते. पहिला असा, की मंदी कितीही तीव्र असली तरी वर्षाला दहा लाख घरांच्या खाली बांधकाम जात नाही. १९५९ पासून चालत आलेल्या आकडेवारीत २००७ पर्यंत हा तळ एकदाही मोडला नव्हता. दुसरा असा, की घसरण महाग कर्जामुळे होते आणि कर्ज स्वस्त झाले की एकदोन वर्षांत मागणी परत येते. ज्या कारखानदाराने या तिन्ही मंदी निभावल्या होत्या, त्याने कुशल कामगार सांभाळून ठेवणे आणि यंत्रे चालू स्थितीत राखणे हे शहाणपणाचेच होते. इतिहासाचा दाखला त्याच्या बाजूने होता.

२००५ नंतरची घसरण

जानेवारी २००६ मध्ये घरबांधणीचा वेग वार्षिक २२.७३ लाख घरांपर्यंत पोहोचला होता. तेथून एप्रिल २००९ पर्यंत तो ४.७८ लाखांवर घसरला. घरबांधणीचे वार्षिक आकडे आणि अमेरिकन वुडमार्क कंपनीची विक्री पुढील तक्त्यात एकत्र दिली आहे. कंपनीचे हिशेबाचे वर्ष ३० एप्रिल रोजी संपते. त्यामुळे विक्रीचा आकडा त्या तारखेला संपणाऱ्या वर्षाचा आहे.

तक्ता क्र. १

वर्ष : सुरू झालेली एकूण घरे : त्यांपैकी एककुटुंबी घरे : कंपनीची विक्री (डॉलर)
२००५ : २०.६८ लाख : १७.१६ लाख : –
२००६ : १८.०१ लाख : १४.६५ लाख : ८३.८ कोटी
२००७ : १३.५५ लाख : १०.४६ लाख : ७६.१ कोटी
२००८ : ९.०६ लाख : ६.२२ लाख : ६०.२ कोटी
२००९ : ५.५४ लाख : ४.४५ लाख : ५४.६ कोटी
२०१० : ५.८७ लाख : ४.७१ लाख : ४०.७ कोटी
२०११ : ६.०९ लाख : ४.३१ लाख : ४५.३ कोटी
२०१२ : ७.८१ लाख : ५.३५ लाख : ५१.६ कोटी

एका कंपनीचे आकडे म्हणजे संपूर्ण उद्योगाचे चित्र नव्हे. तथापि या तक्त्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. घरबांधणी २००६ मध्येच उतरणीला लागली होती. तरीही एप्रिल २००६ मध्ये संपलेले वर्ष कंपनीला भरभराटीचे गेले. याचे कारण उत्पादनाच्या स्वरूपात आहे. पाया, भिंती, छप्पर, नळ आणि वीज ही कामे झाल्यानंतरच कपाटे बसविली जातात. त्यामुळे घराचे काम सुरू झाल्यानंतर कपाटांची मागणी येण्यास काही महिने लागतात. मंदीची बातमी कारखान्याच्या दारापर्यंत उशिरा पोहोचते आणि तोपर्यंत हातातल्या मागण्यांची वही भरलेली दिसते. घसरण थांबल्यानंतर उलट अनुभव येतो. इतरांना तेजीची चाहूल लागते तेव्हाही कपाटांच्या कारखान्यात काम नसते.

दुसरी गोष्ट अशी, की २००५ ते २००९ या काळात घरबांधणी सुमारे ७३ टक्क्यांनी घटली, तर कंपनीची विक्री उच्चांकापासून २०१० च्या तळापर्यंत सुमारे ५१ टक्क्यांनी घटली. म्हणजे जुन्या घरांच्या नूतनीकरणाने काही आधार निश्चित दिला. प्रश्न असा, की तो आधार अपेक्षेइतका भक्कम का ठरला नाही?

नूतनीकरणाच्या आधाराचे मर्म

लोक नवे घर घेऊ शकत नसतील तर आहे तेच घर सुधारतील, हा विचार वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो. पूर्वीच्या मंदींत त्यात तथ्यही होते. परंतु २००६ पूर्वीच्या काही वर्षांत नूतनीकरणाला लागणारा पैसा कोठून येत होता, हे पाहिले म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. घरांच्या किमती वाढत असल्यामुळे त्याच घरावर जादा कर्ज मिळत होते. मूळ कर्ज फेडून अधिक रकमेचे नवे कर्ज घ्यावयाचे आणि उरलेल्या पैशांतून स्वयंपाकघर नवे करावयाचे, ही पद्धत मध्यमवर्गात रूढ झाली होती. नव्या स्वयंपाकघरामुळे घराची किंमत वाढेल, या विश्वासाने हा खर्च गुंतवणूक म्हणूनही समर्थनीय ठरत असे.

२००६ च्या मध्यापासून घरांच्या किमती उतरू लागल्या आणि २०१२ च्या प्रारंभापर्यंत देशभरात त्या एक चतुर्थांशाहून अधिक खाली आल्या. अनेक घरांवरील कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झाले. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था बुडाल्यानंतर तर कर्जपुरवठाच आटला. जादा कर्जाचा मार्ग बंद होताच स्वयंपाकघराचे मोठे काम पुढे ढकलले जाऊ लागले. गळणारे छप्पर टाळता येत नाही, जुनी कपाटे मात्र आणखी पाच वर्षे सहज चालवून घेता येतात.

नूतनीकरणाचा दुसरा झरा होता जुन्या घरांच्या खरेदीविक्रीचा. घर विकण्यापूर्वी ते सजविण्यासाठी आणि विकत घेतल्यावर आपल्या सोयीचे करण्यासाठी कपाटे बदलली जातात. २००५ मध्ये सुमारे ७०.८ लाख जुनी घरे विकली गेली होती. २००८ मध्ये ही संख्या सुमारे ४१ लाख होती. शिवाय त्यांतील बरीच घरे कर्जापोटी जप्त झालेली होती. असे घर घेणारा ग्राहक महागड्या कपाटांकडे वळेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

येथे मूळ गृहीतकातील दोष उघड होतो. नवे घर आणि जुन्या घराचे नूतनीकरण या दोन बाजारपेठा विक्रीच्या वाटेने वेगळ्या होत्या. त्यांना पैसा पुरविणारा स्रोत मात्र एकच होता. तो म्हणजे घराची चढती किंमत. १९८२ ची मंदी व्याजदरांमुळे आली होती. घरांच्या किमती तेव्हा देशभर कोसळल्या नव्हत्या, म्हणून दुसरी वाट खुली राहिली. २००६ नंतर किंमतच कोसळली, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच वेळी अरुंद झाल्या. जानेवारी २००९ मध्ये होम डेपोने स्वयंपाकघर आणि स्नानगृह यांच्या उंची सजावटीसाठी चालविलेली आपली ३४ 'एक्स्पो' दालने बंद करण्याचे जाहीर केले. नूतनीकरणाच्या आधारावर विसंबलेल्या उद्योगाला यापेक्षा स्पष्ट इशारा मिळणे शक्य नव्हते.

फसवी उभारी

तक्त्यातील २००९ ते २०११ ही तीन वर्षे विशेष अभ्यासण्यासारखी आहेत. एकूण घरांची संख्या २००९ नंतर दरवर्षी थोडी वाढत गेली. त्यावरून मंदीचा तळ मागे पडला असा अर्थ काढता येत होता. अमेरिकेतील अर्थव्यवस्थेची अधिकृत मंदीही जून २००९ मध्ये संपल्याचे पुढे घोषित झाले. परंतु एककुटुंबी घरांचा आकडा वेगळीच कथा सांगतो. प्रथमच घर घेणाऱ्यांना सरकारने आठ हजार डॉलरपर्यंत करसवलत दिली होती. तिच्या जोरावर २०१० मध्ये तो किंचित वाढला. एप्रिल २०१० अखेर करार करण्याची मुदत संपली आणि २०११ मध्ये तो ४.३१ लाख या खऱ्या तळावर पोहोचला. या काळातील वाढ भाड्याने द्यावयाच्या बहुमजली इमारतींतील होती. अशा सदनिकेचे स्वयंपाकघर लहान असते, त्यात कपाटे कमी लागतात आणि तीही स्वस्त श्रेणीतील असतात. घरांची केवळ संख्या मोजणाऱ्याला बाजार सावरताना दिसला. कपाटांच्या दृष्टीने मात्र तो अजून खालीच जात होता.

विक्रीच्या आकड्यानेही अशीच दिशाभूल केली. २०१० नंतर अमेरिकन वुडमार्कची विक्री वाढू लागली, तरी २०१०, २०११ आणि २०१२ या तिन्ही हिशेबी वर्षांत कंपनीला प्रत्येकी सुमारे दोन कोटी डॉलर किंवा त्याहून थोडा अधिक तोटा झाला. रिकाम्या यंत्रांना काम मिळावे म्हणून सर्वच उत्पादकांनी सवलतींचा मारा सुरू केला होता. कारखान्याचे भाडे, यंत्रांचा घसारा, देखभाल आणि व्यवस्थापन यांचा स्थिर खर्च मागणी घटली म्हणून त्या प्रमाणात घटत नाही. परिणामी माल अधिक खपला तरी प्रत्येक कपाटामागे उरणारी रक्कम अपुरी पडत होती.

कारखाने आणि गावे

या आकड्यांमागे विशिष्ट गावे आणि तेथील कामगार होते. कपाटांचे कारखाने बहुधा महानगरांत नसतात. लाकूड, स्वस्त जमीन आणि टिकून राहणारा कामगार जेथे मिळतो, अशा छोट्या गावांत ते वसलेले असतात. त्यामुळे एक कारखाना बंद पडला की गावातील रोजगाराचा मोठा आधार जातो आणि त्याच कौशल्याचे दुसरे काम जवळपास मिळत नाही.

२००९ च्या प्रारंभी अमेरिकन वुडमार्कने व्हर्जिनियातील बेरीव्हिल आणि वेस्ट व्हर्जिनियातील मूरफील्ड येथील कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. ओक्लाहोमातील टाहलेक्वा येथील कारखान्याचे काम मात्र केवळ स्थगित करण्यात आले. 'बंद' आणि 'स्थगित' या दोन शब्दांतील अंतर अर्थपूर्ण आहे. बाजार पूर्वीप्रमाणे परत येईल ही अपेक्षा त्या स्थगितीत शिल्लक होती. डिसेंबर २०११ मध्ये ती अपेक्षाही सोडण्यात आली. केंटकीच्या कोळसा पट्ट्यातील हॅझार्ड आणि मिनेसोटातील हॅम लेक येथील कारखाने बंद करण्याचे ठरले आणि टाहलेक्वाचा रिकामा कारखाना विक्रीला काढण्यात आला. २०१० मध्ये मॅस्कोनेही आपले बिल्डरांसाठीचे आणि दुकानांसाठीचे कपाट विभाग एकत्र केले. दोन बाजारपेठा स्वतंत्र आहेत या जुन्या समजुतीला संघटनेच्या पातळीवरच दिलेला तो निरोप होता.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, एककुटुंबी घरांची संख्या वाढली आणि एप्रिल २०१३ मध्ये संपलेल्या वर्षी अमेरिकन वुडमार्क ६३ कोटी डॉलरच्या विक्रीसह पुन्हा नफ्यात आली. म्हणजे शेवटचे कारखाने बंद करण्याचा निर्णय उभारीच्या अगदी उंबरठ्यावर झाला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो अटळ होता, कारण सलग तोटा सोसण्याची शक्ती संपत आली होती. परंतु पहिल्या फेरीत अतिआशा आणि दुसऱ्या फेरीत थकवा यांमुळे झालेल्या विलंबाची किंमत शेवटी या गावांनी मोजली.

उत्तरकाळ

या मंदीचे परिणाम दीर्घकाळ टिकले. टिकून राहिलेल्या कंपन्यांनी एकत्रीकरणाचा मार्ग धरला. अमेरिकन वुडमार्कने २०१७ मध्ये स्वस्त श्रेणीतील आरएसआय ही कंपनी १०० कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतली. मॅस्को २०२० मध्ये कपाटांच्या व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडली. फॉर्च्यून ब्रँड्सपासून डिसेंबर २०२२ मध्ये मास्टरब्रँड स्वतंत्र झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मास्टरब्रँड व अमेरिकन वुडमार्क यांनी विलीनीकरणाचा करार जाहीर केला. दरम्यान सुट्या भागांत येणाऱ्या स्वस्त चिनी कपाटांनी मोठी बाजारपेठ काबीज केली. त्याविरुद्ध अमेरिकी उत्पादकांनी २०१९ मध्ये तक्रार दाखल केली आणि एप्रिल २०२० मध्ये त्या मालावर प्रतिराशिपतन शुल्क लागू झाले.

२०२२ नंतरच्या मंदीने वेगळाच धडा दिला. या वेळी घरांच्या किमती देशभर कोसळल्या नाहीत. परंतु गृहकर्जाचा दर २०२१ मधील सुमारे ३ टक्क्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. स्वस्त कर्ज हाती असलेले मालक घर सोडण्यास तयार होईनात. २०२४ मध्ये केवळ ४०.६ लाख जुनी घरे विकली गेली. १९९५ नंतरचा हा नीचांक होता. अमेरिकन वुडमार्कची विक्री एप्रिल २०२३ ते एप्रिल २०२५ या दोन वर्षांत सुमारे १७ टक्क्यांनी घटली. घराची किंमत शाबूत असूनही घर हातोहात फिरत नसेल तर कपाटे बदलली जात नाहीत, हे यातून दिसून आले.

निष्कर्ष

१. कपाटांच्या मागणीचा अंदाज घेताना घरांच्या एकूण संख्येपेक्षा घरांचा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरतो. २०११ मध्ये एकूण संख्या वाढत असतानाच एककुटुंबी घरे तळाला होती.

२. नूतनीकरण हा मंदीतील हमखास आधार नव्हे. मंदी महाग कर्जामुळे आली आहे, किमती कोसळल्यामुळे आली आहे की घरांची खरेदीविक्री थांबल्यामुळे, यावर त्या आधाराचे बळ अवलंबून असते.

३. घराचे काम सुरू होणे आणि कपाटे बसणे यांत काही महिन्यांचे अंतर असते. म्हणून हातातील मागण्यांवरून भविष्य जोखणारा कारखानदार मंदीच्या आरंभी आणि अखेरीस अशा दोन्ही वेळी चुकतो.

४. स्थिर खर्च मोठा असलेल्या उद्योगात विक्रीची वाढ म्हणजे नफ्याची पुनःस्थापना नव्हे.

५. पूर्वीच्या तीन मंदींत दहा लाखांचा तळ टिकला, म्हणून चौथ्या मंदीतही तो टिकेल हे अनुमान इतिहासावर आधारलेले होते, पण इतिहासाच्या कारणमीमांसेवर नव्हे. १९७५, १९८२ आणि १९९१ चे आकडे सर्वांना पाठ होते. त्या आकड्यांमागे घरांच्या किमती स्थिर राहिल्या होत्या, हे मात्र दुर्लक्षित राहिले. भूतकाळातील आकडा ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती तपासल्याविना भविष्याचे माप म्हणून वापरला, तर तो मार्गदर्शक न राहता दिशाभूल करणारा ठरतो. मूरफील्ड, हॅझार्ड आणि टाहलेक्वा येथील बंद कारखान्यांनी याच चुकीची किंमत मोजली.